लतिका परांजपे कोण?

“लतिका?” काउंटरवरच्या मुलाने हाक मारली.

माझ्या उजव्या हाताला माझे पती दिगंबर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. डाव्या हाताला माझी दहा वर्षांची नात अनिका होती, तिनेही नाही. मी उठले, लायसन्स दाखवलं, चार ठिकाणी सह्या केल्या आणि पंचवीस फुटी आर.व्ही.च्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, किल्ल्या ताब्यात घेतल्या.

“आजी, व्हाय डिड ही कॉल यू दॅट?” अनिकाने विचारलं.

“कारण ते माझं नाव आहे.”

“नो, यू आर सुचित्रा.”

दिगंबर हातातल्या यादीवरची नजर न काढता म्हणाले, “अगं, टायरचं प्रेशर विचारलंस का?”

तो विषय तिथेच राहिला, कारण त्या दिवशी आम्हाला दुसरं काही सुचतच नव्हतं. आम्ही कॅनडाला निघालो होतो. फ्रीमाँटहून निघायचं, कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन अशी तीन राज्यं ओलांडायची, सीमेपलीकडे फेरीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या जहाजावर, आख्खं घर चढवायचं आणि व्हँकुव्हर बेटाच्या पार पलीकडच्या टोकाला टोफिनो गावी जायचं. तिथे गुरुवारी सकाळी नऊ वाजता अनिकाला देवमासे बघायचे होते. तिला दोन वर्षं हे वेड लागलंय. तिच्या खोलीत देवमाशांच्या शेपट्यांचे फोटो आहेत आणि शेपटीवरून मासा कुठला ते ती सांगते. मला आमच्या कॉलनीतल्या लोकांचे चेहरे आठवत नाहीत.

तिला तिकडे न्यायचं म्हणून मी माझ्या सुनेच्या, आसावरीच्या, दोन वर्षं मागे लागले होते. ती कधी नाही म्हणाली नाही. ‘बघू या’ म्हणायची, ते जास्त वाईट. शेवटी या जूनमध्ये तिने हो म्हटलं, पण अट घातली. “आई, काहीही गडबड झाली ना, तर सरळ परत यायचं. आणि मग हा टॉपिक पुन्हा काढायचा नाही. प्रॉमिस?” मी प्रॉमिस केलं. म्हणजे मला एकच संधी होती आणि ती मी सोडणार नव्हते.

निघायच्या सकाळी आसावरीने दिगंबरच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. त्यात आईवडिलांचं संमतिपत्र होतं. मूल आईबापांशिवाय सीमा ओलांडत असेल तर असं पत्र जवळ असलेलं बरं. तिने ते स्वतः टाइप केलं होतं, माझ्या मुलाने, शंतनूने, न वाचता सही केली होती आणि नोटरीचा शिक्काही होता. दिगंबरनी ते तीनदा वाचलं, यादीवर खूण केली आणि फाइलमध्ये ठेवलं.

गाडी मी चालवणार हे ठरलेलंच होतं. दिगंबरनी आयुष्यभर पूल बांधले, पण चौऱ्याण्णव साली घर बदलताना भाड्याच्या ट्रकने शेजाऱ्यांची पत्रपेटी खांबासकट उपटली, तेव्हापासून ते मोठ्या गाडीला हात लावत नाहीत. मी पाणीखात्यात केमिस्ट होते. तलावांचे नमुने गोळा करायला तीस वर्षं खात्याची लांबलचक व्हॅन चालवली. रिटायर झाल्यावर मला साहेबांची आठवण आली नाही, सहकाऱ्यांची थोडी आली, त्या व्हॅनची मात्र रोज यायची. त्या उंच सीटवर बसून स्टिअरिंग हातात धरलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उगाचच हॉर्न वाजवला.

“अगं, पार्किंग लॉटमध्ये हॉर्न वाजवत नाहीत,” दिगंबर म्हणाले.

मी आणखी एकदा वाजवला. अनिका खिदळली.

पहिल्याच वळणावर वरच्या कपाटाचं दार उघडून साबुदाण्याचा डबा खाली आला आणि टोफिनोपर्यंत आमच्या पायाखाली साबुदाणा होता. कपाटांना खिट्ट्या असतात आणि त्या लावायच्या असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. दिगंबरनी यादीत ‘खिट्ट्या’ असं वाढवलं. मग ते शेजारच्या सीटवर बसून मला वाट दाखवू लागले. अगं, उजवीकडे ठेव. अगं, ट्रक येतोय. अगं, डावीकडे बघ. रेडिंगपर्यंत मी त्रेसष्ट ‘अगं’ मोजले आणि नाद सोडला. मुक्कामाला गाडी लावली की गाडी सपाट उभी आहे का ते बघायला ते आपली गॅरेजमधली पाणसळ काढायचे, गाडीतल्या फरशीवर ठेवायचे आणि पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत मला चाकांखाली फळ्या सरकवायला लावायचे. तोवर चहा नाही. पण चहा झाल्यावर आम्ही तिघं पायरीवर बसायचो, समोर शास्ताचा बर्फाचा डोंगर, आणि आपलं स्वयंपाकघर आपल्या पाठीशी उभं आहे या गोष्टीचं मला राहून राहून हसू यायचं.

दुसऱ्या दिवशी ओरेगनमध्ये दिगंबरना झोप आली म्हणून ते मागे गेले आणि अनिका पुढे येऊन बसली. ती विषय विसरली नव्हती.

“सो, लतिका,” ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरतात. नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. त्या दिवसापासून सासरी तिला त्याच नावाने हाक मारतात.

“लाइक अ युजरनेम?”

“तसंच काहीतरी.”

“हू पिक्ड इट?”

“माझ्या सासूबाईंनी.”

“दे डिडन्ट आस्क यू?”

“नाही.”

“डिड आजोबा गेट अ न्यू नेम टू?”

“नाही गं.”

तिने नाक मुरडलं. मग म्हणाली, “दॅट्स सो नॉट फेअर. डिड मॉम गेट वन?”

“नाही. तिच्या लग्नात तांदूळ संपले होते.”

तिला ते पटलं. तांदूळ संपू शकतात. शेजारच्या खोलीत दोन पोती होती, हे मी तिला सांगितलं नाही. भटजींनी ताट मागितल्यावर मीच पुढे होऊन ‘संपले’ म्हणाले होते आणि माझा चेहरा बघून भटजींनी पुढचा मंत्र सुरू केला होता. का, ते मी कुणाला सांगितलं नाही. आसावरी आसावरीच राहिली.

“बट युअर लायसन्स सेज लतिका.”

“कारण लग्नाआधी मी इथे शिकायला आले होते. पासपोर्ट, व्हिसा सगळं लतिका परांजपे. लग्नानंतर वकील म्हणाला, नावाला हात लावू नका, व्हिसाचा घोळ होईल. नंतर ते राहूनच गेलं. ऑफिसात लतिका, आणि गॅरेजचं दार वर गेलं की सुचित्रा राजवाडे.”

“विच वन डू यू लाइक?”

आरशात मागे बघितलं. दिगंबर पट्टा लावून तोंड उघडं टाकून झोपले होते.

“लतिका,” मी म्हणाले.

बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं, कारण मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ऑफिस सुटल्यापासून त्या नावाने मला फक्त दवाखान्यात आणि बँकेत हाक येते. दिगंबरनी तर त्रेचाळीस वर्षांत एकदाही ते नाव घेतलं नाही. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, निदान एकदा. हे मात्र मी अनिकाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही ब्लेनच्या सीमेवर रांगेत होतो. एका बाजूला समुद्र, पलीकडे मेपलच्या पानाचा झेंडा, आणि अनिका सीटवर बसल्या बसल्या उड्या मारत होती. सव्वातीनची फेरी बुक होती. फेरीचा धक्का इथून तासाच्याही आत. सगळं यादीप्रमाणे चाललं होतं.

खिडकीतला ऑफिसर तरुण होता, डोळ्यांवर काळा चष्मा. कुठून आलात, कुठे चाललात, किती दिवस. खायचं काही आहे का म्हणाला तेव्हा दिगंबर माझ्या खांद्यावरून वाकले आणि त्यांनी यादी वाचायला घेतली. बेसनाचे लाडू बावीस, मेतकूट एक बरणी, भाजणी दोन किलो. तो मेतकुटापाशी म्हणाला की पुरे. मग त्याने संमतिपत्र वाचलं, पासपोर्ट उघडले आणि मागे बसलेल्या अनिकाला विचारलं, तू कोणाबरोबर चालली आहेस?

“माय आजी अँड आजोबा. माय ग्रँडपेरंट्स.”

“आणि आजीचं नाव काय?”

“विच वन?” अनिका म्हणाली.

त्याने चष्मा काढला.

“शी हॅज टू,” अनिकाने मदत करायच्या सुरात सांगितलं.

त्याने पत्राकडे बघितलं, पासपोर्टकडे बघितलं, पुन्हा पत्राकडे. मग पत्र माझ्यापुढे धरलं. ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. आमची मुलगी अनिका हिला तिची आजी सुचित्रा राजवाडे आणि आजोबा दिगंबर राजवाडे यांच्याबरोबर प्रवास करण्यास आमची परवानगी आहे. आणि पासपोर्टवर माझ्या फोटोशेजारी, स्वच्छ अक्षरांत, लतिका परांजपे. त्याने नम्रपणे सांगितलं, गाडी त्या बाजूला लावा आणि आत या.

गाडी मी दोन जागा अडवून तिरकी लावली. भीतीने थोडी, रागाने जास्त.

“तुम्ही तपासलं होतं ना?” मी विचारलं.

“तीनदा. तुझा पासपोर्ट नंबर मीच दिला होता तिला. तो जुळतोय, तारखा जुळतायत, शिक्का आहे.”

“आणि नाव?”

त्यांनी पत्र डोळ्यांजवळ नेलं. “नाव बरोबरच आहे की,” ते म्हणाले.

मी हँडब्रेक ओढला. दहा सेकंदांनी त्यांचा चेहरा उतरला.

आत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, आवाज शांत. त्या म्हणाल्या, तुमच्यावर माझा संशय नाही, पण मध्ये लहान मूल आहे आणि ज्या बाईच्या हाती ते सोपवलंय ती बाई या पत्रात नाही. मला खात्री करावी लागेल. त्यांचं अगदी बरोबर होतं. माझ्या नातीला कुणी तिसरीच बाई घेऊन चालली असती तर मी त्यांच्यापेक्षा कडक वागले असते. त्यांनी दिगंबरना विचारलं, तुमच्या पत्नीचं नाव सांगा.

“सुचित्रा,” दिगंबर म्हणाले.

पाच मिनिटांपूर्वी एवढं रामायण झालं होतं, तरी त्यांच्या तोंडून तेच आलं. मग त्यांना कळलं. त्यांनी दुसरं नाव उच्चारायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “म्हणजे, पासपोर्टवर आहे ते.”

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की फेरी, देवमासे, सगळं एका बाजूला राहिलं.

बाईंनी शंतनूला फोन लावला. तो मीटिंगमध्ये, व्हॉइसमेल. मग आसावरीला लावला, स्पीकरवर. तिने पहिल्या रिंगला उचलला.

“तुमच्या सासूबाईंचं नाव?”

“सुचित्रा राजवाडे.”

“लतिका परांजपे यांना तुम्ही ओळखता?”

 मग आसावरीचा घाबरलेला आवाज आला. “नो. हू इज शी? इज माय डॉटर ओके?”

तेरा वर्षं ही मुलगी मला आई म्हणते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दहा दिवस माझे केस तिने विंचरले. आणि लतिका परांजपे कोण, तिला ठाऊक नाही. मला रडू आलं असतं, पण कोणाच्या नावाने रडायचं ते कळेना. तिने कधी विचारलं नाही हे खरं. मी कधी सांगितलं नाही हेही खरं. एल. परांजपेच्या नावाने येणारी पत्रं मीच तिच्यादेखत उचलून खणात टाकत होते.

“आसावरी, अनिका ठीक आहे,” मी वाकून म्हणाले. “लतिका परांजपे मीच. लग्नाआधीचं नाव. पासपोर्टवर तेच आहे.”

“व्हॉट? आई?”

बाई म्हणाल्या, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असा काही कागद दाखवा आणि आईवडिलांकडून दुरुस्त केलेलं पत्र मागवा. नाहीतर मुलीला पुढे नेता येणार नाही. दिगंबरनी फाइल उघडली. या देशात आलेल्या आमच्या पिढीतल्या प्रत्येकाकडे अशी जाडजूड फाइल असते, कुठल्या खिडकीवर कोण काय मागेल याचा भरवसा नसतो म्हणून. घराचे कागद होते. लशींचे दाखले होते. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी तीन प्रतींत होती. लतिकाला सुचित्राशी जोडणारा एकही कागद नव्हता. त्यांच्या डोक्यात दोघी नव्हत्याच, तर कागद कशाला ठेवतील?

“आई, मी म्हटलं होतं ना...” आसावरीने फोनवर सुरुवात केली.

आता ती ‘परत या’ म्हणणार. मी प्रॉमिस केलं होतं. अनिका माझ्याकडे बघत होती, देवमाशांची वही छातीशी धरून. मी मनाशी ठरवलं की म्हणालीच, तर वाद घालायचा नाही.

आसावरी थांबली. पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजल्या. “कागद कुठे आहेत?” तिने विचारलं.

“आमच्या घरी. स्टीलच्या कपाटात, खालचा खण, साड्यांच्या खाली निळी फाइल.”

“निघते मी. ट्रॅफिक नसेल तर चाळीस मिनिटं.”

चाळीस मिनिटांचा सव्वा तास झाला. अनिकाने एकदाच विचारलं, “आर वी गोइंग बॅक?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“इट्स माय फॉल्ट. आय सेड विच वन.”

“तू खरं सांगितलंस. या खोलीत सगळ्यात कमी चूक तुझी आहे.” हे मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. दिगंबर समोरच्या भिंतीवरची नोटीस वाचत उभे होते. ती त्यांनी निदान दहादा वाचली असेल.

साडेबाराला फोन आला. आसावरी आमच्या बेडरूममध्ये जमिनीवर बसली होती, मागे माझ्या साड्यांचा ढीग. तिने एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. शंतनूचा जन्माचा दाखला: आई लतिका परांजपे, वडील दिगंबर राजवाडे. आमची लग्नपत्रिका: चि. सौ. कां. लतिका. तिच्या पाठीवर सासूबाईंनी शाईने लिहून ठेवलेलं, सुनेचं नाव सुचित्रा ठेवले. बाईंसाठी तिने ते इंग्रजीत करून सांगितलं. मग नागपूर विद्यापीठाची पदवी निघाली, एम.एस्सी., पहिला वर्ग. तो कागद बाईंना नको होता. आसावरी मात्र तो हातात धरून बसली.

“आई,” ती म्हणाली, “आमच्या लग्नात तांदूळ संपले होते. आठवतंय?”

“हो.”

“खरंच संपले होते का?”

“नाही,” मी म्हणाले. “दोन पोती होती.”

 मग नाक ओढल्याचा आवाज आला. “यार आई,” ती म्हणाली. मला ‘यार’ ती पहिल्यांदाच म्हणत होती. “सांगायचं ना मला.”

“आता सांगितलं.”

“लेटर पाठवते. शंतनूला मीटिंगमधून उठवते, त्याचीही सही घेते. आणि हे बघा, ट्रिप कॅन्सल करायची नाही. अनिकाला मासे दाखवल्याशिवाय परत यायचं नाही.”

सव्वा वाजता पत्र आलं. पाठोपाठ शंतनूचा फोन आला. बाईंनी त्याला आईचं नाव विचारलं, तो क्षणभरही न थांबता म्हणाला, लतिका. शाळेचे सगळे फॉर्म त्यानेच भरले होते. वाचून सही केली असतीस तर, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी ते परतीसाठी ठेवलं. बाईंनी पासपोर्ट परत दिले. “हॅव अ वंडरफुल ट्रिप, लतिका,” त्या म्हणाल्या. बाहेर येऊन मी गाडीत चढले, आणि मग मी हॉर्न वाजवला.

सीमा ओलांडल्यावर पाट्या किलोमीटरच्या झाल्या. शंभर किलोमीटर, ऐंशी किलोमीटर. लहानपणी शिकलेली ती मापं इतक्या वर्षांनी रस्त्यावर भेटली आणि मला माहेरच्या बसमधून चालल्यासारखं वाटलं. अनिका प्रत्येक पाटीचे मैल करून सांगत होती.  फेरीच्या धक्क्यापर्यंत दिगंबरचा एकही ‘अगं’ आला नाही. मी दोन वळणं स्वतःच्या हिमतीवर घेतली.

रांगेत गाडी उभी केल्यावर ते म्हणाले, “मी तीनदा तपासलं होतं.”

“माहीत आहे.”

“आईने सांगितलं, मी लिहिलं. तेव्हा सगळे तसंच करायचे. पण तुला विचारायला हवं होतं.”

“हो,” मी म्हणाले. “हवं होतं.”

एरवी मी ‘जाऊ द्या’ म्हणते. त्या दिवशी म्हणाले नाही. ते मान हलवत राहिले. मग पुढच्या गाड्या हलल्या आणि पंचवीस फुटांचं आमचं घर, साबुदाण्यासकट, मी जहाजाच्या पोटात नेऊन एका दमात लावलं. धक्क्यावरच्या माणसाने अंगठा दाखवला. आम्ही तिघं पळतच वर गेलो. डेकवर इतका वारा होता की अनिकाची टोपी उडाली आणि दिगंबरनी ती हवेतच झेलली. त्यावर आम्ही तिघंही जरुरीपेक्षा जास्त हसलो.

टोफिनोला पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते, तरी चांगला उजेड होता. झाडांच्या पलीकडे लाटांचा आवाज येत होता. दिगंबरनी पाणसळ काढली, फळ्या सरकवल्या, मी भाजणीची थालीपीठं लावली. बुडबुडा मधोमध आला. चहा झाला. अनिका वही उशाशी घेऊन झोपली.

गुरुवारी सकाळी धक्क्यावर आम्हाला अंगभर फुगलेले तांबडे पोशाख दिले. त्यात दिगंबरना धड चालताही येत नव्हतं. बोटीवर आम्ही बाराजण. कप्तान हातात यादी घेऊन नावं वाचत होता. लतिका म्हणाला, मी हात वर केला. त्याच्या पुढच्या नावाला त्याने जे केलं त्याला दिगंबर म्हणता येणार नाही, पण दिगंबरनीही हात वर केला.

तासभर काहीच दिसलं नाही. लाटा, खडक, खडकांवर लोळणारे जाडे सील. अनिका कठड्याला चिकटून उभी होती, डोळे बारीक करून. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दिगंबर. माझ्या मनात नको नको ते येऊ लागलं. इतकं करून आणलं पोरीला, आणि आता मासेच नाहीत. मग कप्तानाने इंजिन बंद केलं.  मी उजवीकडे बघत होते. तिकडे पाणी काळसर दिसत होतं आणि मला वाटलं, तिथेच असणार.

“लतिका, डावीकडे बघ!”

कप्तान नव्हता. मराठी होतं, आणि आवाज दिगंबरचा होता. इतका मोठा आवाज त्यांनी पूल बांधतानासुद्धा काढला नसेल. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं, कारण ते माझ्याकडे बघतच नव्हते. एक हात समुद्राकडे लांब करून, तोंड उघडं टाकून ते नुसते उभे होते.

मी डावीकडे बघितलं नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. अनिका किंचाळली, लोक ओरडले, धप्पकन पाणी उडालं आणि त्याचे खारे थेंब माझ्या गालावर आले. बोटीवरच्या अकरा जणांनी तो मासा पुरता पाण्याबाहेर आलेला पाहिला. माझा चुकला.

“हंपबॅक!” अनिका आनंदाने रडत होती. “आजी, डिड यू सी? डिड यू सी?”

दिगंबर वळले. भिजलेले, धापा टाकत, लहान पोरासारखे खूश.

“दिसला ना?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “काय म्हणालात? पुन्हा सांगा.”